बुरशीची सही

यंदापासून आमच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या जर्नलवर विभागप्रमुखांची सही चालत नाही. ज्या जीवावर प्रयोग केला त्याची लागते. परिपत्रकात दोनच कलमं आहेत. प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःचा आणायचा, आणि सही त्या जीवाची. सहीचं जर्नल दिल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही.

मी या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काचपट्ट्या धुतल्या. शाळा चौथीपर्यंत, पण इथलं एकेक जर्नल वाचलंय, म्हणून ठासून सांगते: सगळी एकच होती. थोरल्या बॅचचं धाकटीने उतरवायचं, चुकांसकट. पहिल्याच आठवड्यात कांद्याने बावीस जर्नलं परत केली. प्रत्येकावर शेरा, 'मला कोणी चिरलेलंच नाही.' गांडूळ स्वभावाने मवाळ, पण त्यानेही सातच जणांना सही दिली.

आसावरी हजगुडेचा प्रश्न मात्र तिचाच होता. तिची आई गावाहून एस.टी.ने ज्वारीच्या भाकऱ्या पाठवते, त्या होस्टेलवर तिसऱ्या दिवशी बुरसटतात. फडक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत की डब्यात, कशात जास्त टिकतील? नऊ दिवस पोरीने सकाळ-संध्याकाळ भिंग घेऊन ठिपके मोजले. फडकं जिंकलं. आईला तसा फोनही केला. असं बघणारं माणूस मी या खोलीत पहिल्यांदा बघितलं.

मंगळवारी तिने जर्नल भाकरीला टेकवून ठेवलं. गुरुवारी दुपारी बाराची मुदत. सकाळी नऊला सहीच्या जागी हिरव्या अक्षरांत एकच शब्द उगवला होता: 'तापमान?'

"सत्तावीस लिहिलंय की, मावशी!" आसावरी रडकुंडीला आली.

"कशावरून?"

"भिंतीवरच्या तापमापकावरून."

"बघितलास?"

ती म्हणाली, "सगळे सत्तावीसच लिहितात."

"लिहिणारच. मी आले तेव्हापासून तो सत्तावीसवर अडकलाय."

"मग कधी बोलला नाहीत?"

"कोणी विचारलं? मी तो रोज पुसते." मला लाज वाटली, पण दाखवायची सवय नाही.

विभागप्रमुख बिडवे सर डोकावले. "आत्ता मोजून आकडा घालून टाक. कोण बघतंय?"

"बुरशी बघते, सर. आणि गेल्या नऊ दिवसांचं आज कसं मोजू?"

"मोजलं नाही म्हणालीस तर पाच गुण जातील."

"जाऊ देत."

तिने अठरा ठिकाणचं सत्तावीस खोडलं आणि अठरा वेळा लिहिलं, 'मोजलं नाही.'

पावणेबाराला सहीचं पहिलं वळण उगवलं. पण बुरशीचीच सही ती. शनिवारशिवाय पुरी व्हायची नाही.

"अर्धवट सही घेता येणार नाही," सर घड्याळाकडे बघत म्हणाले.

मी परिपत्रक त्यांच्यापुढे आपटलं. "सही करणाऱ्याला घाई करायची असं यात कुठे लिहिलंय, ते दाखवा."

सरांनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. बाराला दोन मिनिटं असताना त्यांनी नोंद केली: 'जर्नल स्वीकारले. सही चालू आहे.'

शुक्रवारी आसावरीने परीक्षा दिली. शेजारच्या बाकावर जर्नल उघडं होतं. बुरशीला वारा लागू नये म्हणून परीक्षेला बसलेल्या सगळ्यांनी पंखे बंद ठेवून पेपर लिहिले, घाम पुसत, कुरकुर न करता. सही शनिवारी चारला पुरी झाली. रेघेवर, तारखेसकट.

सोमवारी कांद्यापुढे रांग होती. परीक्षा हुकलेले ते बावीस जण फेरपरीक्षेसाठी या वेळी खरंच चिरून आले होते, डोळे लाल. त्यांच्या मागे बिडवे सर उभे राहिले. हातात त्यांचं स्वतःचं, याच कॉलेजात शिकतानाचं जर्नल, सुतळीने बांधलेलं, पानापानावर सत्तावीस.

मी त्यांना पुढे या म्हटलं नाही. चाकू धुऊन दिला.