खिडकीजवळची जागा

आमचे शेजारी भास्कर पगारे मुंबईच्या एसटीत नेहमी दोन तिकिटं काढायचे. एक स्वतःचं, एक चेलोचं. खिडकीजवळची जागा चेलोला.

चेलो म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. खुर्चीत बसून, दोन गुडघ्यांत धरून वाजवायची. खाकी गवसणी घातली की माणसाएवढी दिसते. एकदा मीही त्याच गाडीत होते. कंडक्टर म्हणाला, "हे धूड टपावर टाका."

"टपावर तुम्ही बसा," पगारे शांतपणे म्हणाले. "तिचं तिकीट आहे."

कंडक्टरने तिकीट पाहिलं, गवसणी पाहिली आणि घंटीची दोरी ओढली.

इंदिरानगरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. पगारे एकटेच राहायचे. लहानपणी देवळाली कॅम्पात एका मिशनरी बाईंकडे चेलो शिकलेले. एरवी कचेरीत कारकुनी. कार्यक्रम असला की मुंबईला जाऊन पाश्चात्त्य संगीताच्या एका वाद्यवृंदात शेवटच्या रांगेत बसायचं. हीच त्यांची कारकीर्द. पेटी का नाही शिकलात, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "पेटीनं मला विचारलं नाही. हिनं विचारलं."

सराव पहाटे. त्यांचा एक खालचा सूर लागला की माझ्या फळीवरच्या पोह्यांच्या डब्याचं झाकण झर्रर्र करायचं. मी झाकणाखाली कागदाची घडी घातली. प्रश्न मिटला.

उन्हाळ्यात दुसरा प्रश्न. नळ एक दिवसाआड यायचा आणि पगारे खोलीभर ओली पोती टांगून ठेवायचे. कोरड्या हवेत चेलोचं लाकूड आकसतं म्हणून.

"पगारे, इथे माणसांना प्यायला पाणी नाही."

"लाकूड आहे, वहिनी. माणसासारखं समजून घेत नाही. मी आंघोळ कमी करतो."

करायचे. ते आम्हाला जाणवायचंसुद्धा.

एका मे महिन्यात त्यांना मुंबईहून बोलावणं आलं. पुढच्या रांगेत जागा रिकामी झाली होती. शनिवारी दुपारी वाजवून दाखवायचं. पगारे पन्नाशीला टेकलेले. "आता नाही तर नाहीच, वहिनी," म्हणाले, आणि पोती दुप्पट केली.

शुक्रवारी भर दुपारी माझं दार वाजलं. दारात पगारे, चेहरा पांढराफटक.

"वहिनी, बाई उकलली."

जाऊन पाहिलं. चेलोच्या कडेचा सांधा बोटभर सुटला होता. त्यांनी गज फिरवला तर माझ्या डब्यासारखी ती स्वतःच झर्रर्र करत होती. तेवढ्यात आमचे हे उत्साहाने पांढऱ्या गमची बाटली घेऊन आले. "हे लावा. जन्मात सुटणार नाही."

पगारे मध्ये आडवे आले. "दादा, म्हणूनच नको. हिला पुढं दुरुस्तीला उघडावी लागते. सरसच पाहिजे."

सरस म्हणजे कातडी-हाडं उकळून केलेला डिंक. मी रिक्षा करून भद्रकालीतल्या एका सुताराकडून आणला, आणि पातेल्यातल्या पाण्यात वाटी ठेवून माझ्याच स्टोव्हवर वितळवला. घरभर चामड्याचा वास. हे रात्री जेवले नाहीत. पगाऱ्यांनी दोन्ही हातांनी चेलो धरून ठेवली आणि सुरीच्या टोकाने सरस मीच भरला. मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या करून आम्ही बाईंना पार्सलासारखं आवळलं.

"धरेल ना सकाळपर्यंत?" मी विचारलं.

"लाकूड आहे, वहिनी," एवढंच ते म्हणाले.

सकाळी पट्ट्या सोडल्या. पगाऱ्यांनी डोळे मिटून एक सूर ओढला. स्वच्छ. पहिल्या गाडीने गेले.

रविवारी परत आले. आधी चेलो घरात नेऊन ठेवली, मग माझ्या दारात येऊन उभे राहिले. डावी मूठ उघडत होते, मिटत होते.

"सांधा?" मी विचारलं.

"टिकला. हात नाही टिकला."

मग तुटक तुटक सांगितलं. इगतपुरीला एक म्हातारी चढली, कडेवर नात. गाडी खचाखच. पगारे आपल्या जागेवरून उठले. मग घाटातल्या प्रत्येक वळणावर उजव्या हाताने चेलोची मान सावरायची, कालचा सांधा हलू नये म्हणून, आणि डाव्या हाताने वरच्या दांड्याला लोंबकळायचं. मुंबई येईपर्यंत तसंच. वाजवायला बसले तेव्हा डाव्या हाताची बोटं तारा दाबेनात. जागा दुसऱ्याला मिळाली.

मला रागच आला. "अहो, घाट उतरल्यावर तरी चेलो मांडीशी घेऊन तिच्या जागेवर बसायचं ना. कसलं मेलं तिकीट घेऊन बसलात."

"घेणारच होतो. पण पोरगी झोपली होती. हिच्या पोटावर डोकं टेकून." त्यांनी बोटांकडे पाहिलं. "इतकी वर्षं हिचं तिकीट काढतोय, वहिनी. हिला माणूस समजून कोणी टेकलं, ते पहिल्यांदाच."

भिंतीपलीकडे काही दिवस आवाज नव्हता. डब्याच्या झाकणाखालचा कागद पिवळा पडला होता, तो मी काढून टाकला.

मग एका पहाटे झाकण झर्रर्र वाजलं. मी तिघांचे पोहे भिजवले.