गाऱ्हाण्याचं इंग्रजी

इंग्रजी हा माझ्या हातचा मळ आहे. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत मी इंग्रजी पत्रांना उत्तरं दिली आणि एकाही पत्रावर उलट खुलासा मागवला गेला नाही. त्यामुळे आमच्या अंगणात परदेशी पाहुणे येणार म्हटल्यावर दुभाषा कोण, हा प्रश्न मी उठूच दिला नाही.

पाहुणे येणार होते माझ्या बायकोच्या, म्हणजे दर्शनाच्या, बचत गटाकडे. पावसजवळच्या आमच्या वाडीतल्या अकरा बायका मिळून फणसपोळी करतात. युरोपातल्या एका संस्थेने असं काढलं होतं, की भारत-नेपाळसारख्या शेजारी देशांमधल्या छोट्या उद्योगांनी एकमेकांकडे माल विकावा आणि त्यासाठी सुरुवातीची मदत संस्थेने करावी. म्हणजे पोळी आमची, खाणार काठमांडू आणि वाहतुकीचा खर्च युरोपचा! इतका सरळ व्यवहार मी नोकरीत कधी पाहिला नव्हता.

संस्थेच्या मॅडम आणि काठमांडूचे दुकानदार श्रेष्ठ, असे दोघे येणार होते. पन्नास किलोची पहिली ऑर्डर मिळाली तर गट टिकणार होता, नाहीतर बायका काजूच्या कारखान्याची वाट धरणार होत्या. दर्शनाने ह्या दिवसासाठी तीन वर्षं खस्ता खाल्ल्या होत्या.

"अहो, विचारतील तेवढंच सांगा," ती सकाळीच म्हणाली.

"तू पोळीकडे बघ. भाषेचं मी बघतो."

पाहुणे आले. श्रेष्ठसाहेब दर्शनाकडे वळून काही बोलू लागले, पण मी मध्ये शिरलो आणि त्यांना अस्खलित इंग्रजीत खुर्चीवर बसवलं. पोळी दोघांनाही आवडली. मग मॅडमनी वही उघडली आणि विचारलं, "तुमच्या गटाची वाढीची योजना काय आहे?"

मी प्रश्न मराठीत सांगणार, तोच दादू नारळ घेऊन उठला. दादू आमच्या वाडीतला जुना मानकरी. कुठलंही नवं काम असलं, की देवाला गाऱ्हाणं घालायचं ते त्यानेच, आणि त्याने तोंड उघडलं की बाकीच्यांनी गप्प बसायचं.

"बा देवा म्हाराजा, आज तुज्या लेकींनी ह्यो धंदा मांडलाय, तो गोड करून घे. एकाचे एकवीस कर, पाचाचे पंचवीस कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अकराही बायका एका सुरात म्हणाल्या.

"काय म्हणतात ते?" मॅडमनी विचारलं.

दुसरा कुणी असता तर 'प्रार्थना' एवढं म्हणून मोकळा झाला असता. पण मजकुरातला शब्द गाळायचा नाही, ही माझी शिस्त. मी म्हणालो, "एकाचे एकवीस करण्यात येतील."

"छान. आणि हे महाराजा कोण?"

"सक्षम अधिकारी."

"त्यांची मंजुरी आहे?"

"व्हय म्हाराजा!" बायका पुन्हा म्हणाल्या.

"एकमताने आहे," मी म्हणालो.

"वाटंत कोन आडवा आला, तर त्याला तितंच बांदून घाल रे म्हाराजा," दादू पुढे म्हणाला.

"सुरक्षेचीही व्यवस्था केलेली आहे."

मॅडम भराभर लिहीत होत्या. श्रेष्ठसाहेब हात जोडून गालातल्या गालात हसत होते. माझ्या इंग्रजीवर माणूस खूश आहे, असं मी धरून चाललो.

चौथ्या दिवशी मॅडमची मेल आली. आपण सादर केलेल्या योजनेप्रमाणे पन्नासच्या एकवीसपट, म्हणजे एक हजार पन्नास किलो पोळी मेअखेर पाठवावी. मी तत्काळ उत्तर दिलं, "नोंद घेतली. पूर्तता करण्यात येईल." सवयच ती. उत्तर गेल्यावर मी मेल नीट वाचली आणि फणसांचा हिशेब मांडायला घेतला.

एका बरक्या, म्हणजे मऊ गऱ्यांच्या, फणसाची फार तर किलोभर पोळी होते. पण मी डगमगणारा माणूस नाही. दर्शनाला न सांगता पालीच्या रघू टेम्पोवाल्याला फोन लावला.

"रघू, बरके फणस हवेत."

"किती आनू?"

"हजारेक."

"अनिलभाऊ, तब्येत बरी हाय ना?"

बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी तीनशे आणून ओतले. अंगण भरलं, पडवी भरली, माशा घोंगावू लागल्या. गटातल्या सोनूबाईंना घरात शिरायला वाट मिळेना.

"जल्लं मेलं, सगल्या तालुक्याचं फनस हितं कशाला आनलाव?"

मग सांगावंच लागलं. दर्शना ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली आणि तिचे डोळे भरून आले.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "आता खोटं बोलणारा गट म्हणून नाव होईल. पन्नासही हातचे जातील."

मला माझी लाज वाटली. तरी मी म्हणालो, "मी चार परिच्छेदांचा खुलासा लिहितो."

"तुम्ही काहीही लिहू नका," असं म्हणून तिने श्रेष्ठसाहेबांच्या कार्डावरचा नंबर फिरवला आणि टीव्हीवरून शिकलेल्या हिंदीत दहा मिनिटं बोलली. शेवटी तर चक्क हसली.

"काय म्हणाले?"

"त्यांच्याकडेही पूजेत देवाकडे असंच मागतात. ते गाऱ्हाणं आहे हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. मॅडमना ते समजावतील. पन्नास किलो पक्के, आणि वर जेवढी चांगली पोळी होईल तेवढी ते घेणार."

"त्यांना हिंदी येतं?"

"त्या दिवशी ते माझ्याशी हिंदीतच बोलू लागले होते. तुम्ही बोलू दिलंत कुठे?"

सोनूबाईंनी माझ्यापुढे विळी सरकवली आणि दर्शनाने खोबरेल तेल आणून ठेवलं.

"फणसाचा चीक हाताला चिकटतो. कोपरापर्यंत तेल लावा आणि सुरू करा."

मी निमूटपणे पहिला फणस चिरला. तेवढ्यात फोन वाजला. मॅडमची मेल! मी झडप घातली, पण तेलाचं बोट काचेवरून नुसतंच घसरलं. दर्शनाने फोन उचलला, पदराने पुसला आणि स्वतः वाचायला लागली.

"अगं, मी सांगतो ना," मी म्हणालो.

"असू दे. तुमचे हात तेलाचे आहेत."

मी तेलाकडे पाहिलं. तिने बाटली नाही, मेअखेरपर्यंत पुरेल असा पाच लिटरचा डबा आणला होता.