बारा पत्रिका

जेवायला बोलवायच्या पत्रिका छापून घ्यायची कल्पना एबेर्तो पाचेकोची स्वतःची होती, त्यामुळे पुढे दोष द्यायला दुसरं कुणी सापडलं नाही.

लोरिका गावच्या नोंदणी कचेरीत त्यानं चौतीस वर्षं जन्म, लग्नं आणि मृत्यू यांची नोंद केली होती. कागदावर आलं नाही ते घडलंच नाही, असं त्याचं मत झालं होतं. बायको उबाल्दिना असेपर्यंत या मताची घरात कुणी फारशी दखल घेतली नाही. ती दारात उभी असायची. नदीकडे निघालेलं माणूस पाणी प्यायला म्हणून आत यायचं ते संध्याकाळी परत जायचं. अंगणात चुलीवर सांकोचोचं पातेलं रटरटत असायचं. कोंबडीच्या त्या रश्श्यात आलेल्या माणसागणिक ती एक कच्चं केळं वाढवायची, की झालं.

तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. ती गेल्यावर दुखवट्याचे नऊ दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. दहाव्या दिवसापासून जे रिकामं झालं, ते झालंच. संध्याकाळी ऊन उतरलं की एबेर्तो ओसरीत तीन झुलत्या खुर्च्या मांडायचा आणि मधल्या खुर्चीत बसायचा. माणसं जायची, टोपी उचलायची, घरासमोर आल्यावर आवाज खाली आणायची आणि कोपऱ्यावर वळल्यावर पुन्हा हसायला लागायची. ते कोपऱ्यावरचं हसू त्याला नेमकं ऐकू यायचं.

शेवटी त्यानं बारांकिया शहरात राहणाऱ्या मुलीला फोन लावला.

"मार्लेनीस, तुझी आई लोकांना काय सांगून बोलवायची गं?"

"काही सांगायची नाही, बाबा."

"म्हणजे? काहीतरी पद्धत असेल ना!"

"नव्हती हो. असती तर तुम्ही तेव्हाच लिहून ठेवली असतीत."

एबेर्तोनं फोन ठेवला आणि छापखान्यात गेला. जाड कागद, सोनेरी कडा. 'श्री. एबेर्तो पाचेको यांच्या निवासस्थानी येत्या रविवारी दुपारी ठीक बारा वाजता उपस्थित राहून उपकृत करावे.' बारा वाजता हे त्यानं हिशेबानं घातलं होतं. लोरिकात बारा म्हणजे दोन. दोनपर्यंत कोंबडी निवांत शिजली असती.

पहिली पत्रिका समोरच्या नेल्सीला दिली. तिनं ती लांब धरून वाचली आणि तिचा हात छातीवर गेला.

"कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं."

"मग लग्न करताय?"

"वेड लागलंय का? जेवायला या म्हणून आहे ते."

"जेवायला?" नेल्सीनं सोनेरी कडेवरून बोट फिरवलं. "एबेर्तोभाऊ, मी तुम्हाला तीस वर्षं ओळखते. जे असेल ते सांगून टाका."

"जेवण आहे. कोंबडी."

"बरं," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "नका सांगू. रविवारी कळेलच."

रविवारपर्यंत थांबायचं गावाला जमलं नाही. संध्याकाळपर्यंत तीन बातम्या तयार झाल्या. पहिली, एबेर्तो घर विकून मुलीकडे चालला. दुसरी, डॉक्टरांनी आशा सोडली. तिसरी, तो औषधाच्या दुकानातल्या विधवा इदालिदेसबाईंना सगळ्यांसमोर मागणी घालणार. इदालिदेसबाईंना पत्रिका मिळाली होतीच, त्यामुळे ही बातमी जरा जास्त चालली.

शनिवारी तो दाढीला गेला, तर कांदेलारियो न्हावी, त्याचा शाळेपासूनचा मित्र, वस्तरा असा काही फिरवत होता की जणू तान्ह्या बाळाचं जावळ काढतोय.

"किती वेळ दिलाय?" त्यानं हळूच विचारलं.

"बाराची दिलीय. पण लोक दोनला येतील."

कांदेलारियोचा हात थांबला. "कसं रे हसत बोलतोस तू हे," असं म्हणून तो नाक पुसायला आत गेला.

रविवारी पावणेबारा वाजता एबेर्तो बनियनवर अंगणात चुलीपुढे बसून ओल्या लाकडांवर फुंकर मारत होता. दार वाजलं. गावात दार कुणी वाजवत नसे, म्हणून तो आधी उठलाच नाही. दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा जाऊन उघडलं, तर बाराच्या बारा माणसं उंबऱ्यावर. कोट, टाय, बंद बूट. त्या उन्हात! नेल्सी काळ्या पोशाखात होती. इदालिदेसबाई जांभळ्या पोशाखात, सोबत थोरला भाऊ.

"या, या," एबेर्तो बनियन खाली ओढत म्हणाला. "लवकर आलात."

"ठीक बारा लिहिलं होतं," कुणीतरी म्हणालं.

सगळे भिंतीकडेच्या खुर्च्यांवर गुडघे जुळवून बसले. पंखा फिरत होता. कुणी पाय पसरेना, कुणी पाणी मागेना. एबेर्तो सदरा चढवून आला आणि चिंचेचं सरबत फिरवलं. सगळ्यांनी ते औषधासारखं घेतलं.

"मग," एबेर्तो म्हणाला, "काय म्हणताय?"

मग कांदेलारियो उठला. कोटाचं बटण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "एबेर्तो सरळ माणूस होता," त्यानं सुरुवात केली, "म्हणजे आहे. अजून आहे." नेल्सीला हुंदका फुटला. तेवढ्यात इदालिदेसबाई ताडकन उठल्या.

"सेन्योर एबेर्तो, तुमचा अपमान करायचा नाही मला. पण माझं उत्तर नाही असंच आहे."

"विचार करून सांगते म्हण," भाऊ खालून कुजबुजला.

"कशाचं उत्तर?" एबेर्तोनं विचारलं.

त्याच क्षणी अंगणातून करपट वास आला. लाकडं वाळली होती, पेटली होती आणि पातेल्यात पाणी किती घालायचं हे नोंदणी कचेरीत कुणी कधी विचारलं नव्हतं.

नेल्सी सगळ्यात आधी पोचली. टाचांचे बूट तिनं धावतानाच भिरकावले होते. झाकण काढून ती बघत राहिली.

"एक कोंबडी? चौदा माणसांत एक कोंबडी?"

"ते... वाटलं, पुरेल."

"कंद कुठंयत? कणसं? केळी?"

"ते घालायचं असतं?"

नेल्सीनं आकाशाकडे पाहिलं. मग तिनं कंबर कसली आणि हुकूम सुटायला लागले. कांदेलारियोनं घरून कोनफळ आणायचं, भावानं विहिरीचं पाणी शेंदायचं, कुणी मासे, कुणी मोठं पातेलं. कोट लिंबाच्या झाडावर चढले. इदालिदेसबाई बाह्या सारून कांदा चिरायला बसल्या. कांदा कसा चिरावा यावरून त्यांचं भावाशी भांडण जुंपलं आणि त्या भांडणात आणखी चौघं पडली.

त्या गलक्यातच एबेर्तो ओरडला, "अहो, मी मरत नाहीये! लग्नही करत नाहीये! घरसुद्धा विकत नाहीये!"

"मग हे सगळं कशासाठी?" नेल्सीनं डाव हातातच ठेवून विचारलं.

एबेर्तोनं चुलीत एक लाकूड सारलं. "घरात आवाज नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. तुम्ही सगळे समोरून जाता नि कोपऱ्यावर जाऊन हसता."

कांदेलारियो कोनफळाकडे बघत राहिला.

"एबेर्तोभाऊ," नेल्सी म्हणाली, "आम्ही यायचो तेव्हा तुम्ही मागच्या खोलीत दार लावून बसायचात. उबाल्दिना आम्हाला सारखी दटावायची, हळू बोला, त्याला गोंगाट सोसत नाही. ती गेल्यावर आम्हीच ठरवलं, की आता तरी या माणसाला शांतता मिळू दे."

"तुम्ही ठरवलं?"

"सगळ्यांनी मिळून. फार जड गेलं हो. तुमच्या ओसरीसारखा वारा गावात कुठंच नाही."

एबेर्तो सगळ्यांकडे पाठ करून थोडा वेळ लिंबाच्या झाडावरचे कोट नीट करत राहिला.

जेवणं तीनला झाली. रस्सा जरा धुरकट लागला, पण पातेलं खरवडून निघालं. त्यानंतर कुणी जाईना. उलट, कोट दिसले म्हणून चौकशीला आलेली माणसंही बसली. पाच वाजता एबेर्तोला घटकाभर आडवं व्हावंसं वाटलं. मागच्या खोलीत गेला, तर पलंगावर इदालिदेसबाईंचा भाऊ घोरत होता. ओसरीत आला, तर तिन्ही खुर्च्यांत माणसं आणि पायरीवर डॉमिनोचा डाव. स्वतःच्या घरात त्याला टेकायला जागा नव्हती.

त्याचं डोकं फिरलं. तो तरातरा अंगणातून स्वयंपाकघराच्या दारात गेला आणि ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बाईला पूर्वीसारख्याच दबक्या, चिडक्या आवाजात म्हणाला, "काय गं, ही माणसं जाणार कधी?"

ती वळली. नेल्सी होती.

एबेर्तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. नेल्सीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. पायानं एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं, हातात सुरी दिली आणि मांडीवर एक कोनफळ ठेवलं.

"एवढ्यात नाही जायची," ती म्हणाली. "सोला. जाड साल काढू नका, वाया जातं."