साडेअकरा व्होल्ट

रावजींची फियाट सलग आठव्या सकाळी चालू झाली नाही. चावी फिरवली की आत कुणीतरी खाकरल्यासारखा आवाज यायचा, मग तोही बंद व्हायचा. रावजी पाटबंधारे खात्यातले निवृत्त कारकून. त्यांनी मीटर आणला आणि वही घातली. धक्का मारून चालू केलेली गाडी इंदापूरला फेरी मारून आली की दुपारी साडेबारा व्होल्ट, दुसऱ्या सकाळी साडेअकरा. इंजिन चालू असताना चौदा. म्हणजे अल्टरनेटर चार्जिंग करत होता, बॅटरी ते घेत होती, आणि घेतलेलं कुठंतरी जात होतं.

शुक्रवारी त्यांची लेक सुकन्या येणार होती. तीन वर्षांनी, मस्कतहून. इतक्या दिवसांनी आलेल्या सुनेनं आधी सासरी पाऊल टाकायचं, हा सुप्याच्या व्याह्यांचा, धोंडीबांचा आग्रह. फार विनवल्यावर ते एवढंच म्हणाले होते की, दहाला ती बारामतीच्या स्टँडवर उतरेल, तेव्हा गाडी घेऊन हजर असाल तर दोन दिवस निमगावला न्या. सून एवढं सामान घेऊन एसटीत उभी राहायची नाही. गाडी नसली तर आमची जीप आहेच.

निमगाव केतकीतला वायरमन भिमा आला. त्यानं टर्मिनलवरचा पांढरा बुरा सोड्याच्या गरम पाण्यानं धुतला, बॅटरीत पाणी भरलं. मग चावी काढून, निगेटिव्हची वायर सोडून मध्ये बल्ब धरला. तो पेटला नाही.

"तात्या, चावी काढल्यावर गाडीत कायबी करंट खात न्हाय," भिमा म्हणाला. "मग खातंय ते माणूस खातंय."

"हितं माणसं दोनच. मी आन् ही."

रावजींच्या बायकोनं, साखरबाईंनी आणलेला चहा भिमा बशीत ओतत राहिला.

रावजींच्या वहीत एक नोंद नव्हती. मार्चमध्ये सुकन्यानं गावाकडं येणाऱ्या एकाच्या हाती स्वतःच्या आवाजाची कॅसेट पाठवली होती. घरातल्या टेपच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, म्हणून दोघांनी ती गाडीत बसून ऐकली. साखरबाई इतक्या रडल्या की कॅसेट पुन्हा लावायची नाही, असं रावजींनी बजावलं. रोज पहाटे गाडी पुसताना ते स्वतः मात्र चावी फिरवून दहा मिनिटं ऐकायचे. दहा मिनिटांनी बॅटरी उतरत नाही, हे त्यांचं गणित होतं, आणि ते बरोबरही होतं.

गुरुवारी भिमानं बॅटरी पुरती चार्ज करून बसवली. रावजींनी त्याच्या सल्ल्यानं निगेटिव्ह काढून ठेवली आणि दुपारचं जेवून निवांत झोपले.

शुक्रवारी सकाळी बोनेट उघडलं तर वायर जागच्या जागी लावलेली होती. टर्मिनलवर पुरणाच्या बोटाचा ठसा वाळला होता. चावी गाडीतच, फिरवलेली. मीटर नऊ दाखवत होता.

साखरबाई दारात उभ्या होत्या.

"दुपारी तुमी झोपल्यावर बसते जरा," त्या म्हणाल्या. "काल वाजंना. भिमा वायर कशी लावतो ते बघितलं हुतं."

"किती येळ बसतीस?"

"दोनी बाजू हुईस्तवर. काल दोनदा. मग शेजारच्या भागुबाईनं हाक मारली आन् चावी ऱ्हायली."

"तरीच पहाटं कॅसेट दुसऱ्या बाजूवर असती. मला वाटायचं, मीच उलटी..."

साखरबाईंनी पदरानं टर्मिनलवरचं पुरण पुसलं.

"तुमी किती येळ?"

"धा मिन्टं."

"व्हय, व्हय."

दूध घालून परतणारे चौघं मिळाले. साखरबाईही पदर खोचून मागं लागल्या. तिसऱ्या धक्क्याला गाडी चालू झाली.

स्टँडवर पोचले तेव्हा दहाला पाच मिनिटं होती. इंजिन बंद करायची सोय नव्हती. लेक तीन वर्षांनी समोर आली तरी रावजींना उतरता येईना. त्यांनी एक पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून खिडकीतून हात काढला आणि तिच्या डोक्यावरून फिरवला. धोंडीबांनी घड्याळ पाहिलं, घरघरणारी फियाट पाहिली आणि सुनेची बॅग स्वतः उचलून डिकीत ठेवली.

गाडी इंदापूर रस्त्याला लागली. पुढं बसलेल्या सुकन्यानं सहज टेपचं बटण दाबलं. आई, तात्या, मी बरी हाय, असं तिचाच आवाज सांगू लागला.

"अजून जपून ठिवलीय व्हय?" ती म्हणाली. "बंद करते. आता मी हितंच हाय की."

मागून साखरबाईंनी तिचा हात धरला.

"थांब," त्या म्हणाल्या. "आता तू हसतीस."