तुळसाबाईंचा सत्कार

एका जंगलात, बाळांनो, जागा मुबलक होती; प्राणी मात्र रोडावत चालले होते. जंगल एवढं अफाट, की एका टोकाला उजाडायचं तेव्हा दुसऱ्या टोकाला अजून चांदणं असायचं.

कुणी तळ्याचं घाण पाणी पिऊन जायचं. कुणी मोहाची फुलं खाऊन झिंगायचं आणि दरीत कोसळायचं. तुळसा हरिणीचा नवरा असाच गेला. मागे राहिली तुळसा आणि तिचं एकुलतं एक पाडस.

सिंहमहाराजांना घोर लागला. "प्रजाच उरली नाही, तर मी राज्य करू कुणावर?" आणि खाऊ काय, हे ते मनातल्या मनात म्हणाले.

मंत्री कोल्होबा पुढे झाले. "महाराज, प्रजा घटली म्हणजे रोगीही घटले. मग अस्वलवैद्यांना कशाला पोसायचं? त्यांना नारळ द्या. त्यांच्या गुहेत आपण प्रजावृद्धी कचेरी उघडू."

महाराजांना ते पटलं. राजांना असं लगेच पटतं.

पुढे एके दिवशी तुळसाचं पाडस तापानं फणफणलं. त्याला ढकलत, चाटत, थांबत ती वैद्यांच्या गुहेशी आली. पाहते तो दाराला तोरण आणि आत कोल्होबा!

"या तुळसाबाई! अभिनंदन!"

"अहो, वैद्यबुवा कुठायत? पोराला ताप आहे."

"ताप असेना का. पोर आहे ना? हल्ली तेवढंही बघायला मिळत नाही." कोल्होबांनी तिच्या गळ्यात हार घातला. "मग, दुसरं कधी?"

"आधी हे तर जगू दे!"

"ते आमच्याकडे येत नाही, बाई. आमचं खातं जन्मापर्यंतच."

पाडसानं हारातलं एक फूल चघळलं आणि ग्लानीत मान टाकली. तुळसानं त्याला ढकलून उभं केलं. ती त्याला घेऊन तशीच नदीच्या उताराकडे निघाली.

पलीकडचं जंगल होतं चिमुकलं. पण तिथं झऱ्याचं पाणी नितळ होतं आणि एक म्हातारे वानरवैद्य होते. त्यांनी गुळवेलीचा काढा पाजला. कपाळावर ओला पाला ठेवला. हळूहळू ताप उतरला. पाडस उठून आईला ढुशा देऊ लागलं, तेव्हा कुठं तुळसा पोटभर चरली.

परत जावं, असं तिच्या मनात आलं. आलं तसं गेलं.

पक्ष्यांनी ही वार्ता नदीपार नेली. मग ससे आले, सांबरं आली, लंगडत लंगडत एक रानडुक्करही आलं.

इकडे महाराज सुन्या रानात हिंडत होते. "कोल्होबा, कुणीच कसं दिसत नाही?"

"महाराज, असं बघा, आपल्या राज्यात आता औषधालाही आजारी उरलेला नाही!"

महाराज हरखले. उंच खडकावर चढून त्यांनी जंगल रोगमुक्त झाल्याचं जाहीर केलं. कोल्होबांनी सर्व प्रजेच्या वतीनं टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य : रोग हटवणं जड जात असेल, तर राजानं रोगी हटेपर्यंत धीर धरावा.