मांडणीवर यंत्र स्थापिले त्याची हकीकत

श्री. जो एक विघ्ने हरितो त्यास नमन, आणि जे अनेक जण विघ्ने सुचवितात त्यांस दुरून नमस्कार. शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरे, भाद्रपद मासी, दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांचे राज्यात जे वर्तमान घडले, ते भिंतीपलीकडे राहणारा सेवक काही ऐकोन, काही जिन्यात थांबून पुसोन आणि काही डोळां पाहोन लिहितो. सेवकाचा स्वभाव मुळीच घाबरट आहे, कुकरची शिटी न झाली तरी छातीत धडधड होते, म्हणोन जेथे भय वाटले तेथे भय लिहिले. वाढवून लिहिले ऐसे समजू नये.

त्या राज्याचे धनी श्रीमंत दिगंबरराव, छापखान्याचे चाकरीतून निवृत्त जाहलेले, राणीसाहेब हेमलताबाई, आणि युवराज निनादराव, वय वर्षे बावीस, नुकतेच चाकरीस लागलेले. कन्या ऋतुजाबाई युवराजांहून थोरल्या. त्यांनी आपले पसंतीने लग्न केले आणि सातासमुद्रापार गेल्या, आणि त्या लग्नास राणीसाहेब रुसून गेल्या नाहीत, तेव्हापासोन मायलेकीत अबोला पडला, त्यास दोन वर्षे जाहली. फोन वाजला तर दिगंबरराव बोलत आणि राणीसाहेब पोळ्या लाटीत, आणि तिकडूनही 'आईला दे' ऐसे कोणी म्हणत नसे. परंतु दर आदितवारी इकडे सायंकाळ आणि तिकडे सकाळ असे, त्या समयी बहीणभाऊ कॉम्प्युटरावर लढाईचा खेळ मिळोन खेळत, आणि खेळता खेळता ऋतुजाबाई मोकळेपणी हसत, भांडत, सासरचे सांगत. युवराज कानास हेडफोन न लावता आवाज खोलीत मोठा सोडीत. का सोडीत हे त्यांनी कोणास सांगितले नाही आणि कोणी पुसले नाही. आणि राणीसाहेब नेमक्या त्याच समयी वाळलेले कपडे घेऊन युवराजांचे मागे उभ्या राहात, एकेक कपडा झटकून घडी घालीत, आणि कपडे संपले म्हणजे घड्या मोडून पुन्हा घालीत. सेवकाने हे दाराचे फटीतून पाहिले आहे. लेकीचा आवाज कानी पडावा म्हणोन आईस कपड्यांचा आडोसा लागावा, हे पाहोन सेवकास वाईट वाटले.

ऐसे असता श्रावण अखेरीस त्या यंत्रातून जळका वास आला आणि यंत्र वारले. चार आदितवार सुने गेले. राणीसाहेब कपड्यांच्या घड्या एकदाच घालू लागल्या. मग भाद्रपदात ऋतुजाबाईंचा संदेश आला, तो युवराजांनी जेवणाचे वेळी वाचून दाखविला, की, "निन्या, या रविवारी तरी येतोयस ना? नाहीतर मी इथल्या पोरींच्या टीममध्ये जाते. एकटीनं किती दिवस बसू?" ते ऐकोन दिगंबररावांनी घास खाली ठेविला आणि राणीसाहेब एवढेच म्हणाल्या की आमटी निवते आहे, घ्या. परंतु आमटी वाढताना पळी पातेल्यास वाजली, ती सेवकाने भिंतीपलीकडे ऐकिली. तो दिवस सोमवार. हाती दिवस सहा.

मग दरबार भरला. तयार यंत्र विकत घ्यावे तर खजिना पुरेना, म्हणोन सुटे भाग आणोन घरीच जोडावे ऐसे ठरले, आणि बापलेकांनी मिळोन खजिना पन्नास हजार नेमिला, वर एक रुपयाही नाही. युवराजांनी यादी करून फ्रीजवर चिकटविली आणि त्या यादीने घराची झोप नेली. प्रोसेसर म्हणजे त्या राज्याचा मुख्य प्रधान, तो जोरदार असावा हे युवराजांचे मत. परंतु प्रधान पसंत करावा तर मदरबोर्डावर त्याची बैठक निराळी निघे, आणि बोर्ड बदलावा तर मेमरी त्यास चालेना, आणि मेमरी बदलावी तर पुन्हा प्रधानाची किंमत आड येई. त्यात यूट्यूबावरचे जाणते. एक म्हणे हा भाग घ्याल तर पस्तावाल, दुसरा म्हणे हा न घ्याल तर पस्तावाल, आणि दोघेही शपथेवर सांगत. युवराजांनी मंगळवारपर्यंत नऊ वेळा यादी फाडिली, आणि अन्नावरील वासना उडाली. दिगंबररावांचे म्हणणे एकच, की मागचे यंत्र स्वस्त पॉवर सप्लायाने जाळिले, सबब वीज पुरविणारा भाग उत्तमांतील उत्तम घ्यावा. हे ते दर अर्ध्या घटकेस म्हणत. युवराज चिडून म्हणत, बाबा, ते लिहिलंय यादीत. तरी ते पुन्हा म्हणत, कारण भय यादीत लिहिल्याने जात नाही. सेवकास हे आपल्या स्वभावावरून ठाऊक आहे.

बुधवारी राणीसाहेब पीठ मळीत होत्या, त्या हात न थांबविता म्हणाल्या, "काय घ्यायचं ते घ्या, पण झाडामागचं स्वच्छ दिसलं पाहिजे." बापलेकांस वाटले चष्म्याचा नंबर वाढला असेल. परंतु युवराजांनी आईचा शब्द मानिला आणि प्रधान मध्यम करून ग्राफिक्स कार्ड मोठे घेण्याचे ठरविले. हे कार्ड म्हणजे दरबारचा चित्रकार, पडद्यावरील झाडपान तोच रंगवितो. एका दुकानी मागील सालचे तीन पंख्यांचे कार्ड उतरत्या भावाने होते, ते घ्यावे तर बाकीचे भागांस खजिना पुरेना. मग ज्यात हे सर्व भाग बसवितात त्या कॅबिनेटावर कुऱ्हाड आली. दिगंबरराव म्हणाले, तो काय, नुसता डबा, जुन्या बाजारात मी आणतो.

आता या राज्याची एक चाल सांगणे अवश्य आहे. त्या घरी टेप म्हणोन वस्तू नाही. खिडकीचा पडदा असो, फळी असो, देव्हारा असो, सर्व दिगंबररावांचे वितीने मोजावे, आणि आजवर एकही पडदा आखूड पडला नाही, म्हणोन वीत हेच प्रमाण. त्यानुसार शुक्रवारी युवराज एका पेठेत कार्डाचे दुकानी उभे राहिले आणि दिगंबरराव दुसऱ्या पेठेत जुन्या कॅबिनेटांचे ढिगापुढे, आणि दोघांचे फोनवर बोलणे जाहले. युवराजांनी कार्डाचे खोक्यावरील चित्र खऱ्या मापाइतकेच आहे ऐसे दुकानदाराकडून वदवून घेतले, त्यावर वीत टाकिली आणि कळविले, दीड वीत. दिगंबररावांनी डब्यात हात घालोन वीत टाकिली आणि कळविले, "दीड वीत, आणि वर बोटभर मोकळं. घे तू बिनधास्त." मग दोन्हीकडे व्यवहार पुरे जाहले, आणि घरी येऊन चहा जाहला, आणि पाच दिवसांत प्रथमच त्या घरी कोणी हसले.

शनिवारी सकाळी जोडणीस आरंभ केला. प्रधान बसला, मेमरी बसली, पॉवर सप्लाय बसला तेव्हा दिगंबररावांनी त्यास हात जोडिले. मग युवराजांनी कार्ड आत नेले आणि ते डब्याचे पोलादी आडव्या पट्टीस टेकले. तिरपे केले, टेकले. उलटे केले, टेकले. दोन बोटे जागा कमी. मग दिगंबररावांनी आपला पंजा पसरला आणि त्यावर लेकाचा पंजा ठेविला, तो लेकाची बोटे अर्धे पेर बाहेर निघाली. युवराज मामांच्या वळणावर गेलेले, हात लांबसडक. वीत दोघांनी खरीच टाकिली होती, परंतु दोघांची वीत एक नव्हे हे बावीस वर्षांत कोणी पाहिले नव्हते. दिगंबरराव खाली बसले आणि म्हणाले, "माझ्यामुळं झालं हे सगळं." ते ऐकोन सेवकाचे डोळ्यास पाणी आले, कारण सेवक त्या समयी तेथेच होता, त्याची लोखंड कापावयाची करवत मागावयास युवराज आले होते, तो मागोमाग गेला होता.

दुकानदारास फोन केला, तो म्हणाला, खोके उघडले की माल परत नाही. जुन्या बाजारवाल्याचा फोन लागेना. पट्टी करवतीने कापावी तर लोखंडाचा कीस उडोन बोर्डावर पडेल आणि सर्वच जळेल, म्हणोन करवत कोणी उचलेना. नवे कॅबिनेट घ्यावे तर खजिना रिता. युवराज म्हणाले, ताईला कळवतो, नाही जमत म्हणून. आणि त्यांनी फोन हाती घेतला. तेव्हा राणीसाहेब स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "थांब."

मग खणखणाट ऐकू आला. पाहतात तो राणीसाहेब भिंतीवरच्या स्टीलच्या मांडणीचा खालचा कप्पा रिकामा करीत आहेत. डबे खाली, वाट्या खाली, पेले खाली. वरचे कप्प्यात ताटे उभी होती ती तशीच राहू दिली. म्हणाल्या, इथं ठेवा, इथं लांबीला काही आडवं येत नाही. दिगंबरराव घाबरून म्हणाले की मांडणी पोलादाची, वीज उतरेल. त्यावर राणीसाहेबांनी जेवणाचा लाकडी पाट आणोन कप्प्यात आडवा घातला आणि म्हणाल्या, आता? मग पाटावर बोर्ड मांडिला, कार्ड मोकळे आडवे पसरले, शेजारी पॉवर सप्लाय ठेविला, आणि ओट्यावर कॉम्प्युटराचा जुना पडदा, म्हणजे मॉनिटर, उभा केला. आदितवारी सायंकाळी बटण दाबले, पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला. सेवक धरून चौघेही वायरी तपासू लागले. युवराजांनी पाहिले, तो पडद्याची वायर कार्डास न लावता बोर्डास लाविली होती. ती काढून लाविली आणि उजेड पडला.

मग खेळ लागला आणि ऋतुजाबाईंचा आवाज आला. पाच आठवड्यांनी आला. राणीसाहेब मागे उभ्या होत्या, परंतु त्या दिवशी पावसाने कपडे वाळले नव्हते, म्हणोन हात रिकामे, आणि ते कोठे ठेवावे हे त्यांस कळेना. मांडणीत पंख्यांचे थरथरीने वरची ताटे बारीक किणकिणत होती. ऋतुजाबाई बोलता बोलता थांबल्या आणि पुसल्या की हे काय वाजतंय, आणि मग आपणच म्हणाल्या, "मांडणी का रे?" पडद्यावर रान दाट होते, आणि ऋतुजाबाईंचा शिपाई उघड्यावर उभा होता, आणि चित्रकाराने पानन् पान असे रंगविले होते की सर्व दिसत होते. तेव्हा राणीसाहेबांचे तोंडून निघून गेले,

"डावीकडं बघ. झाडामागं दोघं आहेत."

शिपाई हलेना. त्या दोघांनी झाडामागून येऊन ऋतुजाबाईंस पाडिले, डाव गेला. मग आवाज आला, तो ओला होता. "आई, तू दर रविवारी मागं असायचीस. कपडे झटकल्याचं ऐकू यायचं मला. म्हणून तर मी यायचे."

राणीसाहेबांनी पदराने तोंड पुसले. मग म्हणाल्या, "मग या वेळी का नाही ऐकलंस? दुसरा डाव लाव."

एवं च, सहा दिवसांत यंत्र सिद्ध जाहले, खजिना पुरला, आणि वीत या प्रमाणावरील भरवसा उठोन घरी टेप आला. जुन्या बाजारचे कॅबिनेट हवेशीर आहे, त्यात सांप्रत कांदे ठेवितात. यंत्र मांडणीवरच आहे. युवराज म्हणतात नवी पेटी घेऊ, परंतु राणीसाहेब घेऊ देत नाहीत. आदितवारी त्या आता मागे उभ्या राहात नाहीत, खुर्ची ओढून बसतात, आणि कपडे दिगंबरराव घडी करितात. सेवकास भिंतीला कान लावावा लागत नाही, सर्व तसेच ऐकू येते. बहुत काय लिहिणे.