अनंतरावांच्या नायिकेचा पदर

आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेली शेवटची साधीसुधी गोष्ट म्हणजे ओट्यावर तुवेरच्या शेंगा सोलत शेजारच्या अनंतरावांशी भांडणं.

अनंतराव म्हणजे कचेरीतून निवृत्त झालेला, एकटा राहणारा, नाटकाने डोकं फिरलेला माणूस. दूधवाला आला की उठून दार उघडत नाही, आतूनच ‘प्रवेश!’ ओरडतो. तो निघाला की पेटीवर दोन सूर वाजवतो. आमच्याकडे चहा पितो आणि प्रेक्षकांना पाठ नको म्हणून उलटा चालत जातो. तुळशीत पडलाय. अक्कल आली नाही.

यंदा त्याने एक जुनं संगीत नाटक पुन्हा उभं करायला घेतलं. मराठी सरदाराचा पोरगा, गुजराती शेठची पोरगी, दोन्ही घरांत हाणामारी, मधून मधून गाणी. नायिकेला साडी नेसवायला माझी जसु जायची. जसु गुजराती, पदर उजव्या खांद्यावरून पुढे. हा म्हणे, शेवटच्या अंकात पोरगी नऊवारीत येणार. लग्न झालं, आता ती आपली.

जसु शेंगेवरून नजर न काढता म्हणाली, “भाऊ, मी आखी जिंदगी अशीच नेसले. यांनी मला घरातून काढी मूकली?”

“वहिनी, नाटकात मी म्हणेन ते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी जसु आडवी झाली ती उठलीच नाही.

तेराव्याची भांडी घासून होत नाहीत तोच हा दारात. तिची बांधणी मागायला. वरवंटाच घालणार होतो डोक्यात. आजवर अहोजाहो केलं, त्या दिवशी नाही. “घरातलं माणूस गेलंय आणि तुला कपडे सुचतात? लाज वाटते का?”

एरवी एकाला चार ऐकवणारा हा माणूस उंबऱ्यावरच बसला.

“शेवटपर्यंत पुढचाच पदर ठेवतोय,” म्हणाला. “वहिनी बरोबर होत्या. मला तेव्हाच पटलं होतं. म्हटलं, अजून थोडे दिवस भांडू. या सोसायटीत माझ्याशी भांडायला दुसरं येतं कोण?”

मी त्याच्या तोंडावर दार लावलं. म्हणे थोडे दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधणी घेऊन तालमीला गेलो. नायिका गोत्री भागातली पोरगी, तिला जीन्सखेरीज काही येत नाही. नेसायची कशी ते मी जन्मभर पाहिलंय, पण माझे गुडघे वाकत नाहीत. अनंतरावाला म्हटलं, बस खाली. तो बसला, निऱ्या धरल्या. त्या सुटत होत्या.

“नीट धर,” मी ओरडलो. “ती इतकी ढिली नेसत नव्हती.”